चिनी शिकायची, पण कोणती? मंदारिन, कँटोनीज की होक्कियेन

नांदेड आणि लातूरकडच्या अनेक बौद्ध घरांत बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची एक जाडजूड हिंदी प्रत असते. अनुवाद भदन्त आनंद कौसल्यायन यांचा, छपाई तैवानमधली आणि किंमत काहीच नाही. तैपेई येथील 'कॉर्पोरेट बॉडी ऑफ द बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन' या संस्थेने हे ग्रंथ धम्मदान म्हणून छापले आणि आपल्याकडे ते दीक्षाभूमीवरून, विहारांतून, नातेवाइकांकडून घरोघरी पोहोचले. या प्रतीत चौकोनी चिनी अक्षरांचा मजकूर येतो. लहानपणी आपण सगळ्यांनी त्यावरून बोट फिरवले आहे आणि काही न कळल्याने पान उलटले आहे.

आता आपली मुले-मुली विचारू लागली आहेत की चिनी शिकायची तर सुरुवात कुठून करायची. कोणाला तैवानच्या बौद्ध विद्यापीठात जायचे आहे, कोणाला अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांचा गाईड व्हायचे आहे, कोणी पाली घेऊन एम.ए. केले आहे आणि पुढे चिनी त्रिपिटकाकडे वळायचे आहे. मोबाइलवर शोधले की मंदारिन, कँटोनीज, होक्कियेन, हक्का अशी नावे समोर येतात आणि गोंधळ उडतो. घरची परिस्थिती बेताची असताना दोन वर्षे आणि फीचे पैसे चुकीच्या ठिकाणी घालवणे आपल्या मुलांना परवडणारे नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

'बोली' म्हणतात, पण त्या भाषा आहेत

चीनमध्ये या सगळ्यांना 'फांग-येन' म्हणतात. आपण त्याचे भाषांतर 'बोली' असे करतो आणि तिथेच फसतो. बोली म्हटले की आपल्याला वाटते, नांदेडच्या आणि साताऱ्याच्या मराठीत असतो तेवढाच फरक असेल. प्रत्यक्षात बीजिंगचा माणूस हाँगकाँगच्या बाजारात उभा राहिला तर त्याला शेजारच्या दोघांचे बोलणे समजत नाही. हा फरक मराठी आणि बंगालीमधल्या फरकासारखा आहे, काही बाबतींत त्याहून जास्त.

'मी' हा शब्द घ्या. मंदारिनमध्ये 'वो', कँटोनीजमध्ये 'ङो', होक्कियेनमध्ये 'ग्वा'. (ज्या ङ ला आपण 'वाङ्मय' सोडून फारसे कुठे बोलावत नाही, तो तिथे रोजच्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीला येतो.) 'खाणे' मंदारिनमध्ये 'छ्र' च्या जवळपास, कँटोनीजमध्ये 'सिक्'. शिवाय कँटोनीज आणि होक्कियेनमध्ये 'खाणे' साठी लिहायचे अक्षरही मंदारिनपेक्षा वेगळे आहे.

अभ्यासक साधारण सात मोठे गट मानतात. उत्तरेपासून नैर्ऋत्येपर्यंत पसरलेला मंदारिनचा गट सर्वांत मोठा, चीनच्या लोकसंख्येपैकी सुमारे ७० टक्के लोक त्यातले काही ना काही बोलतात. शांघायच्या भागात वू, दक्षिणेला ग्वांगचौ आणि हाँगकाँगकडे यूए म्हणजेच आपण ज्याला कँटोनीज म्हणतो ती, फूच्येन किनाऱ्यावर आणि तैवानमध्ये मिन (होक्कियेन किंवा तैवानी ही त्यातलीच), आणि शिवाय हक्का, गान, श्यांग. शेवटच्या दोघींशी आपला संबंध येण्याची शक्यता कमी, म्हणून त्या सोडून देऊ.

मग या सगळ्यांना एक 'चिनी' का म्हणायचे? मुख्य कारण लिपी. देगलूरच्या बाजारात पाटीवर २ असा आकडा लिहिला तर मराठी माणूस 'दोन' वाचतो, तेलुगू माणूस 'रेंडु' वाचतो, उदगीरकडचा कन्नड बोलणारा 'एरडु' म्हणतो आणि उर्दूवाला 'दो'. आकडा एक, अर्थ एक, तोंडातला शब्द वेगळा. चिनी लिपीतली बहुतेक अक्षरे या आकड्यासारखी चालतात. हाँगकाँगचे वर्तमानपत्र बव्हंशी प्रमाण लेखी चिनीत छापलेले असते, तिथला माणूस तेच कँटोनीज उच्चारांत वाचतो. मात्र घरात बोलताना तो वाक्य वेगळेच करतो.

कोणाच्या बोलण्याला भाषा म्हणायचे आणि कोणाच्या बोलण्याला बोली, हे ठरवण्यात सत्तेचा हात असतो. हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. वर्गात आपल्या आजीचा शब्द वापरला म्हणून हसू झालेले अनेकजण हा लेख वाचत असतील. तैवानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मंदारिन ही राष्ट्रभाषा म्हणून लादली गेली. शाळेत तैवानी बोलणाऱ्या मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवली जायची. आपल्या नांदेडमधल्या जुन्या पिढीने निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा केली, त्यांना हा प्रकार लगेच समजेल. आज तैवानमध्ये होक्कियेन आणि हक्का यांना कायद्याने राष्ट्रीय भाषांचा दर्जा आहे, पण शिक्षण, परीक्षा, विद्यापीठ हे सगळे मंदारिनमध्येच चालते.

बुद्धाचे नाव दक्षिणेने जपले

आता धम्माच्या बाजूने पाहू, कारण आमच्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे.

भारतातून गेलेल्या भिक्खूंनी 'बुद्ध' हा शब्द चीनमध्ये नेला, तेव्हा त्याचा उच्चार ज्या अक्षराने लिहिला गेला ते अक्षर त्या काळी साधारण 'बुत्' असे उच्चारले जात असे. पुढे उत्तरेकडच्या बोलण्यातून शब्दाच्या शेवटचे त्, क्, प् गळून गेले आणि शेवटचा म् न् मध्ये मिसळला. म्हणून आजच्या मंदारिनमध्ये बुद्ध झाला 'फो'. दक्षिणेत हे शेवटचे व्यंजन टिकले. कँटोनीजमध्ये 'फत्', हक्कामध्ये 'फुत्', होक्कियेनमध्ये 'हुत्'. जपानने हा शब्द चीनकडून जुन्या काळी घेतला, तिथे 'बुत्सु' आहे. 'धम्म' साठीचे अक्षर मंदारिनमध्ये 'फा', कँटोनीजमध्ये 'फात्'. 'बोधिसत्त्व' मंदारिनमध्ये 'फुसा', कँटोनीजमध्ये 'फोउ-सात्', म्हणजे 'सत्त्व' मधला त तिथे अजून जागेवर आहे. अवलोकितेश्वर मंदारिनमध्ये 'ग्वान-यिन', कँटोनीजमध्ये 'कुन-यम'.

आपल्याच प्रदेशाचे नाव पाहा. सातव्या शतकात ह्युएन त्सांग महाराष्ट्रात आला, तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. त्याने या देशाचे नाव चार चिनी अक्षरांत लिहिले. आजच्या मंदारिनमध्ये ते 'मो-ह-ला-छा' असे वाचले जाते आणि ओळखू येत नाही. तीच चार अक्षरे कँटोनीजमध्ये वाचा: 'मो-हो-लात्-छा'. 'राष्ट्र' मधला मधला अडथळा त्या 'लात्' मध्ये ऐकू येतो.

महाराष्ट्रात कँटोनीजच्या घराण्यातले एक नाव पाटीवरही आहे. मुंबईत माझगावला 'सी यप कून' नावाचे जुने चिनी मंदिर आहे. सी यप म्हणजे 'चार जिल्हे', ग्वांगचौच्या प्रांतातले, जिथून हे लोक जहाजांवर काम करत मुंबईला आले. मंदारिनमध्ये याच नावाचा उच्चार 'स्स-यी' होईल, 'यप' चा प् राहणार नाही. कोलकात्याच्या टांगऱ्यात मात्र बहुतेक चिनी कुटुंबे हक्का बोलणारी.

हे वाचून कोणी म्हणेल, मग दक्षिणेचीच भाषा शिकू, ती बुद्धाच्या शब्दाला जवळची आहे. थांबा. जुना उच्चार जवळचा असला तरी शिकायला सोयीची आणि उपयोगाची भाषा तीच असते असे नाही.

जिभेला काय सोपे, काय अवघड

चिनी म्हटले की सगळे सुरांना घाबरतात. एकाच 'मा' चे सुरानुसार आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात, हे उदाहरण प्रत्येक पुस्तकात असते. मंदारिनमध्ये चार सूर आणि एक हलका, बिनसुराचा उच्चार. कँटोनीजमध्ये सहा. तैवानी होक्कियेनमध्ये सात, आणि तिथे वाक्यात शब्द शेजारी आला की सूर बदलतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शब्दाचे दोन सूर पाठ करावे लागतात. आपणही सूर वापरतो, फक्त अर्थ बदलण्यासाठी नाही तर भाव दाखवण्यासाठी. प्रश्न विचारताना 'हो?' म्हणतो तो वर जाणारा सूर मंदारिनच्या दुसऱ्या सुराजवळचा, आणि चिडून 'हो!' म्हणतो तो चौथ्याजवळचा. या दोन टोकांवरून सुरुवात करता येते.

व्यंजनांत मात्र मराठी माणूस नशीबवान आहे. इंग्रजी अक्षरांतल्या पिनयिन पद्धतीत 'बी' लिहिलेले असते, पण उच्चार आपला 'प'. 'पी' लिहिलेले असते तो 'फ', ओठ मिटून म्हणायचा, 'फळ' मधला. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. इंग्रजांना हा फरक शिकायला महिने लागतात, आपल्याकडे तो बाराखडीतच आहे. बीजिंग आणि तैपेई या दोन नावांतला 'उत्तर' या अर्थाचा शब्द एकच आहे, दोन्हीकडे उच्चार 'पेइ'. एका ठिकाणी ब आणि दुसऱ्या ठिकाणी प दिसतो तो इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या दोन पद्धतींमुळे.

आणखी एक. 'चूल' मधला च आणि 'चिंच' मधला च वेगळे आहेत हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, हिंदीवाल्याला लागते. मंदारिनमध्ये नेमके हे दोन्ही च वेगळे धरले जातात. तसेच श आणि ष. आपण लिहिताना ते वेगळे ठेवतो, बोलताना एकच करतो. मंदारिनमध्ये दोन्ही बोलून दाखवावे लागतात. म्हणून आमची सूचना अशी की, वहीत उच्चार इंग्रजी अक्षरांत न लिहिता देवनागरीत लिहा आणि वर सुराचा आकडा टाका.

एकूण मेहनत किती? अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिथे मंदारिन आणि कँटोनीज या दोन्हींसाठी सारखेच, २२०० तास वर्गात बसण्याचा हिशोब धरतात. रोज एक तास धरला तर सहा वर्षे. त्यामुळे 'तीन महिन्यांत अस्खलित चिनी' अशी जाहिरात दिसली की पैसे खिशातच ठेवा.

त्रिपिटकाची चिनी यातली कोणतीच नाही

पाली शिकलेल्या मुलांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि क्लासवाले तो सांगत नाहीत. चिनी त्रिपिटक मंदारिनमध्ये नाही आणि कँटोनीजमध्येही नाही. ते जुन्या लेखी चिनीत आहे, तिला 'वन्येन' म्हणतात. त्यात मधूनमधून त्या काळच्या बोलण्यातले शब्दही आहेत. आजची मराठी येते म्हणून महाराष्ट्री प्राकृत वाचता येत नाही, तसेच आजची मंदारिन येते म्हणून आगम वाचता येत नाहीत. पण वन्येन कोणत्याही उच्चारात वाचता येते. हाँगकाँगचा भिक्खू तेच सूत्र कँटोनीजमध्ये म्हणतो, तैवानचा मंदारिनमध्ये किंवा होक्कियेनमध्ये, जपानी स्वतःच्या उच्चारात.

हे सगळे कशासाठी वाचायचे, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. आपल्या पाली निकायांना समांतर असे चार आगम चिनीत आहेत. दीघनिकायाच्या जोडीचा दीर्घ आगम ४१३ साली भाषांतरित झाला, मज्झिमनिकायाच्या जोडीचा मध्यम आगम त्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी. संयुक्त आणि एकोत्तर हे उरलेले दोन. एकच उपदेश दोन परंपरांनी हजार मैल अंतरावर जपला, तो शेजारी ठेवून वाचता येतो. भारतात लुप्त झालेले कितीतरी विनयग्रंथ तिथे पूर्ण मिळतात. धर्मगुप्तक विनयाची भिक्खुणी परंपरा चीन-तैवानमध्ये अखंड राहिली. १९९८ साली बोधगयेत तैवानच्या फो ग्वांग शान संघाच्या पुढाकाराने जी मोठी उपसंपदा झाली आणि श्रीलंकेच्या स्त्रियांना भिक्खुणी होता आले, त्यामागे हीच परंपरा होती. आपल्या भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

आणि हे काम मराठी माणसाने केलेले आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला. विमुत्तिमग्गाचे मूळ पाली हरवले होते, संपूर्ण ग्रंथ उरला तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात. चिनी येत नसती तर ही तुलना होऊच शकली नसती. पुढे १९७० मध्ये त्यांनी आणि जपानचे अकिरा हिराकावा यांनी समन्तपासादिकेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर पुण्याच्या भांडारकर संस्थेतून काढले. ते चिनी रूप पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्वांगचौला तयार झाले होते, म्हणजे आजच्या कँटोनीजच्याच मुलखात.

दुसरे उदाहरण सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांत राहून तिथली भाषा शिकले, कारण समोरचा जखमी सैनिक तीच बोलत होता. बापटांना ग्रंथ वाचायचा होता, कोटणीसांना रुग्णाशी बोलायचे होते. दोघांची चिनी वेगळी होती आणि दोघांची निवड बरोबर होती.

मग आमचे उत्तर

बहुतेकांनी मंदारिनच शिकावी. शिक्षक, पुस्तके, परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकरी हे सगळे तिच्याभोवती आहे. तैवान, चीन, सिंगापूर तिन्हीकडे ती चालते. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, तिथे किंवा अजिंठ्याला पाहुण्यांसोबत तीच उपयोगी पडेल. २०२० नंतर भारत-चीन संबंध ताणले गेले आणि चीनला जाण्याच्या वाटा अरुंद झाल्या, हेही ध्यानात ठेवावे. नुसत्या कंपनीच्या नोकरीवर सगळी भिस्त ठेवू नये.

पण मंदारिन ठरवली तरी खरी निवड पुढेच आहे: सोपी केलेली अक्षरे की पारंपरिक? चीन सरकारने १९५६ पासून अक्षरे सोपी केली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी पूर्ण अक्षरे चालू राहिली, आणि त्रिपिटक जुन्या अक्षरांत आहे. धम्मासाठी शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पारंपरिक अक्षरे घ्यावीत. सुरुवातीला रेघा जास्त वाटतात, पण पारंपरिक येणाऱ्याला सोपी अक्षरे नंतर लवकर जमतात, उलट दिशेने जास्त त्रास होतो. नोकरीच हेतू असेल तर सोपी अक्षरे आणि एचएसके परीक्षा, तैवानला जायचे असेल तर टॉकफल परीक्षा.

कँटोनीज कोणी घ्यावी? हाँगकाँगमध्ये राहायला जाणाऱ्याने, किंवा जुन्या उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाने. होक्कियेन दुसरी भाषा म्हणून शिकावी, पहिली म्हणून नको. तैवानच्या खेड्यात राहिलात तर ती कानावर पडेलच आणि दोन वाक्ये बोललात तर तिथली आजी खूश होईल. फो ग्वांग शानचे संस्थापक सिंग युन हे चीनच्या च्यांगसू प्रांतातून तैवानला आले होते. सुरुवातीच्या काळात लोकांना त्यांचे प्रवचन समजावे म्हणून एक शिष्या शेजारी उभी राहून तैवानीत भाषांतर करत असे. त्यांच्यासारख्या आचार्यालाही हे करावे लागले. दुसरीकडे त्झू ची संस्थेच्या छेंग येन या तिथल्याच, त्या तैवानीतूनही उपदेश करतात.

पालीचे काय? आगम वाचायचे असतील तर पाली आधी, हे आमचे ठाम मत. मूळ उपदेश ओळखीचा असेल तर चिनी वाक्य निम्मे आपोआप उलगडते. 'सुत्त सेंट्रल' या संकेतस्थळावर पाली सुत्तासमोर त्याचा चिनी जोडीदार दाखवलेला असतो, आणि तैपेईच्या सीबेटा संस्थेने १९९८ पासून संपूर्ण चिनी त्रिपिटक संगणकावर मोफत उपलब्ध करण्याचे काम चालवले आहे. दोन्हींसाठी एक रुपया लागत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंनी विनंती केली की बुद्धवचन छंदस् भाषेत बसवू द्यावे, कारण वेगवेगळ्या ठिकाणचे भिक्खू आपापल्या भाषेत ते बिघडवतात. तथागतांनी त्यांना फटकारले आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. ('आपापल्या' म्हणजे नेमके कोणाच्या, यावर अट्ठकथेपासून वाद आहे.) बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, त्यांनी फारसी घेतली, आणि पुढे पालीचा शब्दकोश स्वतः तयार करायला घेतला. तो त्यांच्या 'लेखन आणि भाषणे' मालेच्या सोळाव्या खंडात आहे. त्यामुळे कोणती भाषा शिकायची हा आपल्याकडे कधीच फक्त हौसेचा प्रश्न नव्हता.

शिकायचे कुठे? जवळचे ठिकाण हैदराबाद. तिथल्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत चिनी शिकवली जाते. नांदेडहून थेट रेल्वे आहे, लातूर-उदगीरकडच्यांना बीदरमार्गे जाता येते. दिल्लीचे जेएनयू आणि शांतिनिकेतनमधले १९३७ चे चीना भवन ही जुनी केंद्रे. तैवान सरकारची भाषा शिकण्यासाठीची 'हुआयू' शिष्यवृत्ती काही महिन्यांपासून एका वर्षापर्यंत मिळते. तिचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात आणि काम तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर मार्फत चालते. त्यासाठी कोणत्याही एजंटाला पैसे देण्याची गरज नाही.

तोवर घरातली ती तैपेईची प्रत काढा आणि चिनी मजकुराचे पान उघडा. डावीकडे उभा माणूस आणि उजवीकडे धनुष्यासारख्या वळणांतून खाली गेलेल्या दोन रेघा असे एक अक्षर दिसले तर ते बुद्धाचे. सोप्या आणि पारंपरिक, दोन्ही लिप्यांत ते सारखेच लिहितात. सात रेघांचे आहे.